तीस मोजा, भाऊ

मी चिडकी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात निम्मा वाटा माझ्या चिडण्याचा आहे आणि उरलेला माझ्या घाबरटपणाचा. इंदुरीला माहेरी आई म्हणायची, "या पोरीची जीभ आधी पळती, डोकं मागनं येतं." आता मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, माझी मुलगी बारावीला आहे, आणि आईचं म्हणणं अजून खोटं ठरलेलं नाही.

तळेगावच्या एका हॉस्पिटलात मी नेटवर्क सांभाळते. कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या वायरी, त्या पेट्या, ते पासवर्ड, सगळं माझ्या गळ्यात. केसपेपरच्या खिडकीतला प्रिंटर रुसला तरी हाक मलाच. हॉस्पिटलात डायलिसिसच्या आठ मशिनी आहेत. ज्यांची किडनी काम करत नाही त्यांचं रक्त नळीतून बाहेर काढून, धुऊन, परत अंगात सोडायचं, हे त्या मशीनचं काम. त्या धुण्याला एकदम शुद्ध पाणी लागतं. ते पाणी करणारा प्लांट तळमजल्यावर आहे, आणि तो बघतात ते आमचे भाऊ.

भाऊ बेडशाचे. पंचावन्नच्या पुढचे, भाताचं वावर सांभाळून कंत्राटावर इथं नोकरी करणारे. प्लांटची कंट्रोलची पेटी दोन वर्षांपूर्वी मीच नेटवर्कला जोडली, कारण आमच्या प्रशासक साहेबांना पाण्याचे आकडे स्वतःच्या टेबलावर बसून बघायचे होते. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला नाव द्यावं लागतं. गमतीनं मी इंग्रजी अक्षरांत 'भाऊ-प्लांट' असं नाव ठेवलं. भाऊंना ते कळलं तेव्हा ते लाजून हसले होते.

भाऊंची एकच सवय मला खुपायची. पॅनलच्या आतल्या सॉकेटला ते मोबाईलचा चार्जर लावून ठेवायचे. मी कितीदा सांगितलं, तर म्हणायचे, "ताई, हितं दुसरा प्लगच न्हाई. घरनं फोन आला तर?" एकदा मी भडकले आणि डायलिसिसच्या सिस्टरांसमोर ओरडले, "भाऊ, एक दिवस तुमच्या या चार्जरपायी अख्खा प्लांट बसेल, मग माझ्याकडं येऊ नका!" उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय. चार्जरनं काही होत नव्हतं, हे मलाही माहीत होतं.

त्याच वर्षी ऑगस्टात हॉस्पिटलनं मला लोणावळ्याला पाठवलं. पाच दिवसांचं एथिकल हॅकिंगचं ट्रेनिंग, सोमवार ते शुक्रवार. चोर कसा शिरतो ते शिकायचं, म्हणजे आपल्या घराला कडी कुठं लावायची ते कळतं. भुशीच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात हॉल घेतला होता. आम्ही बारा जण, त्यात बाई मी एकटी. बाकी सगळे पुण्याकडचे तरणेताठे, कुणी कारखान्यातला, कुणी बँकेतला. संध्याकाळी धरणावर कुणी कुणी जायचं हे त्यांचं सकाळीच ठरायचं. शेजारचा एक जण दर तासाला मान वळवून विचारायचा, "मॅडम, जमतंय ना?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

शिकवणारे सर मात्र शांत. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला आणि सही करून घेतली. कुठल्या यंत्रांना हात लावायचा, किती वाजता, कुणाच्या परवानगीनं, सगळं त्यावर लिहिलेलं. "हा कागद खिशात ठेवा," सर म्हणाले. "चोर जे करतो तेच तुम्ही करणार आहात. तुमच्यात आणि चोरात फरक एवढ्या कागदाचाच आहे." मी घडी घालून पर्समध्ये टाकला आणि विसरून गेले.

मंगळवारी सकाळी नाश्त्यालाच फोन आला. प्रिंटर. मी तिथूनच लॅपटॉपवर व्हीपीएन जोडलं. व्हीपीएन म्हणजे बाहेर बसून हॉस्पिटलच्या नेटवर्कात शिरायचा बोगदा, त्याची किल्ली फक्त माझ्याकडं. प्रिंटर दोन मिनिटांत सुरू झाला. बोगदा बंद करायचा राहिला.

आता मारुतीच्या देवळाचं सांगते, म्हणजे माझी चूक कुणालाही कळेल. गावोगाव मारुतीचं देऊळ असतंच. 'मारुतीच्या देवळामागचं तिसरं घर' एवढाच पत्ता दिला तर माणूस ज्या गावात उभा असेल त्या गावातल्या घरात शिरेल. छोट्या नेटवर्कांचं तसंच असतं. सगळीकडं तेच ठरावीक आकडे. सरांनी सरावासाठी मांडलेल्या लॅबमधल्या यंत्रांचे पत्ते आणि आमच्या हॉस्पिटलातले पत्ते अगदी सारखे होते. मी बसले होते लोणावळ्यात, पण बोगदा उघडा असल्यामुळं माझा लॅपटॉप उभा होता तळेगावात.

साडेअकराच्या सुमाराला सरांनी स्कॅन करायला सांगितलं. म्हणजे पत्त्यामागून पत्ता घेत प्रत्येक दारावर टकटक करायची आणि कोण ओ देतं ते बघायचं. "हळू करा," ते म्हणाले. "जुनी यंत्रं जोराची टकटक सोसत नाहीत." तेवढ्यात शेजाऱ्यानं मान वळवली. "मॅडम, जमतंय ना?" झालं! मी सगळ्यात जोराचा पर्याय निवडला आणि बटण दाबलं. सगळ्यांच्या आधी माझी यादी येणार होती.

आलीच. पडद्यावर नावं सरकायला लागली. पहिलं नाव वाचून मला नवल वाटलं, दुसऱ्याला काहीतरी खटकलं, आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीवर इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं: भाऊ-प्लांट.

माझ्या हातानं ठेवलेलं नाव. क्षणभर मला वाटलं, सरांच्या लॅबमध्ये हे कसं काय आलं? मग डोक्यात लख्ख झालं. मी लॅपटॉपची वायर उपटली, बोगदा बंद केला, आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरायला लागला.

डायलिसिसच्या मुख्य सिस्टर होत्या. "मॅडम, प्लांट बंद पडलाय. आठही मशिनी ओरडतायत. पेशंट लावलेले आहेत सगळे!"

मी पॅसेजमध्ये पळाले. खिडकीबाहेर धुकं इतकं दाट होतं की समोरचा रस्ता दिसत नव्हता. सिस्टर सांगत होत्या की त्या एकेकाचं रक्त हळूहळू परत अंगात सोडतायत, पण भुशीच्या मावशींचं बीपी पडलंय, मावशी डोळे उघडत नाहीयेत. या मावशी मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. धरणाच्या वाटेवर त्यांची भाजलेल्या कणसांची गाडी. मी दिसले की विचारायच्या, "लेकीचा अभ्यास काय म्हणतो?" त्या मावशींचं रक्त अर्धं नळीत, आणि प्लांट मी पाडलेला. मी भिंतीला टेकले. देवा, एवढी वेळ सांभाळ, असं मी मोठ्यानं म्हणाले असणार, कारण चहाचे कप नेणारा माणूस थबकून बघत होता.

"फोन भाऊंना द्या," मी म्हणाले.

भाऊंचा श्वास लागला होता. "ताई, दिवे समदे लागल्यात, पर बटन दाबलं तर कायच हालत न्हाई."

जोराच्या टकटकीनं ती जुनी पेटी गोठली होती. उपाय सोपा होता, आणि तो मला माहीत होता, कारण दुखणं माझंच होतं. "भाऊ, मेन स्विच बंद करा. तीस मोजा. मग चालू करा. त्याआधी नाही."

भाऊ फोनवरच मोठ्यानं मोजायला लागले. एक, दोन, तीन. मीही ओठात मोजत होते. सतराला त्यांचा आवाज कापला. बावीसला ते थांबले, काहीतरी खुडबुड ऐकू आली, मग पुन्हा तेवीस, चोवीस. तिसाला खटका पडला आणि पंपाचा तो घुर्रर्र आवाज फोनमधून आला. मी तिथंच पायरीवर बसले.

"ताई," भाऊ म्हणाले, "मधीच मी चार्जर उपसला. उपसला आन् लगीच चालू झालं. चार्जरपायीच झालं, ताई. तुमी म्हनला व्हता."

आत्ता बोलायचं होतं. एक वाक्य पुरे होतं. मी म्हणाले, "बरं, नंतर बघू."

मावशींनी चार वाजता डोळे उघडले, चहा मागितला. सिस्टरांनी मेसेज केला तेव्हा मी हॉलमध्ये होते आणि सर शिकवत होते की चोर आत शिरल्यावर आपल्या खुणा कशा पुसतो. मला तर वाटलं, हा माणूस मुद्दाम माझ्याकडं बघून बोलतोय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही.

संध्याकाळी प्रशासक साहेबांचा फोन. "मूळ सापडलं हो, मॅडम. भाऊंनी लिहूनच दिलंय, चार्जर लावायचो म्हणून. सिस्टरही म्हणाल्या की तुम्ही त्यांना बजावलं होतं. आजपासून त्यांना घरी बसवलंय. कंत्राटदाराला सांगितलंय, शनिवारी काढल्याचं पत्र देतील."

मी म्हणाले, "हो सर."

या दोन शब्दांची मला आजही लाज वाटते. पण त्या दिवशी लाज नव्हती, फक्त भीती होती. परवानगी नसताना दुसऱ्याच्या यंत्रात शिरणं हा गुन्हा, हे आदल्याच दिवशी सरांनी शिकवलेलं, आणि माझ्या पर्समधल्या कागदावर हॉस्पिटलचं नाव कुठंच नव्हतं. आठ माणसांचा जीव टांगणीला लावला म्हणून पोलीस आले तर? माझ्या मुलीला वर्गात कुणी विचारलं तर? नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी ट्रेनिंग मस्त चाललंय असं सांगितलं आणि जेवण तसंच ठेवून उठले. भाऊ घरी काय करत असतील, हा विचार यायचा आणि मी तो झटकायचे. दोन ओळींचा मेसेजसुद्धा मला टाकता आला नाही.

बुधवार असाच गेला. वरांड्यात कुणाचीही पावलं वाजली तरी मी दचकायचे. शेजाऱ्यानं दोनदा विचारलं, "मॅडम, बरं नाही का?" मला चिडायचीसुद्धा ताकद नव्हती.

गुरुवारी चहाच्या सुट्टीत मी हॉलमध्ये एकटीच मागं राहिले. फोनवरून बोगदा जोडला आणि हॉस्पिटलची नोंदवही उघडली. कोण कधी आत आलं, काय केलं, हे यंत्र आपोआप टिपून ठेवतं. मंगळवार, साडेअकराच्या पुढचं, तिथं माझंच नाव, ओळीनं. ती वाचता येईल असं हॉस्पिटलात माझ्याशिवाय कुणी नाही. पुसली की संपलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. बोट पडद्यावर नेलं, आणि सरांचंच वाक्य आठवलं: पुसलेली जागाही खूण असते. मी फोन पालथा ठेवला. प्रामाणिक होते म्हणून नाही. पकडली जाईन म्हणून.

मागं वळले तर दारात सर.

"मॅडम, एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "मंगळवारचा तुमचा स्कॅन. माझ्या लॅबच्या यंत्रांवर तुमच्याकडून एकही टकटक आलेली नाही. बाकी अकरा जणांची आहे. मग तुमची गेली कुठं?"

"केबल सैल होती, सर."

सर नुसते बघत राहिले. आवाज चढवला नाही, काही नाही. मला वाटलं, याच्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं. मग ते म्हणाले, "शुक्रवारी परीक्षा झाली की प्रत्येकानं आपल्या स्कॅनचा अहवाल द्यायचाय. तुमचाही द्या. जिथं गेली तिथला द्या." आणि चहाला निघून गेले.

शुक्रवारी पेपर लिहिला. काय लिहिलं ते आठवत नाही. मग अहवालाचा कोरा फॉर्म पुढं आला. काय सापडलं, पुरावा काय, धोका किती, चूक कुणाची. मी पेन उघडलं आणि खाली वाकून लिहीत सुटले. बोगदा उघडा राहिला. पत्ते सारखे होते. सांगितलं असताना जोराचा स्कॅन केला. पाण्याचा प्लांट बंद पडला. चार्जरचा संबंध नाही. चूक कुणाची, या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. एक प्रत सरांना दिली. त्यांनी उभ्यानंच वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "जुनी यंत्रं सोसत नाहीत म्हणालो होतो ना मी?" मी मान डोलावली. ते म्हणाले, "आधी त्या माणसाकडं जा."

दुसरी प्रत पिशवीत टाकून मी स्कूटरवर निघाले. कामशेतला उजवीकडं वळले. बेडशाच्या वाटेवर दोन्ही बाजूंना भात हिरवागार उभा होता आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळत नव्हतं. दोनदा वाटलं, परत फिरावं, आधी साहेबांना भेटावं, फोनवरच सांगावं.

भाऊ पडवीत बसले होते. गाल आत गेलेले. मला बघून लगबगीनं उठले. "ताई! या या, बसा. अगं, च्या टाक, ताई आल्यात." मग हळूच म्हणाले, "आज मावशी मशीनवर बसल्या. मी गेलतो बघायला, काचंच्या भायेरनं. चांगल्या हायत. आता जेवीन."

"जेवीन म्हणजे?"

आतून वहिनी बोलल्या. "मंगळवारपासनं अन्नाला शिवलं न्हाईत. म्हनले, ती बाई परत सुखरूप मशीनवर बसस्तोवर माझ्या पोटात घास जायचा न्हाई. नुसत्या च्यावर हायत."

माझ्या जुळवलेल्या वाक्यांतलं एकही राहिलं नाही. मी सरळ म्हणाले, "भाऊ, प्लांट माझ्यामुळं बंद पडला. लोणावळ्यात बसून मी चूक केली. चार्जरनं काही झालेलं नाही. मी सगळं लिहून आणलंय, उद्या सकाळी साहेबांच्या टेबलावर ठेवते. तुमचं पत्र निघणार नाही."

भाऊ कागदाकडं बघत राहिले. त्यांना राग आला असता तर मला सोसला असता. मी त्याचीच तयारी करून आले होते. त्यांचा चेहरा मोकळा झाला, डोळे भरले, आणि ते म्हणाले, "माज्या हातनं न्हाई झालं?"

"नाही, भाऊ."

"न्हाई झालं," ते वहिनींना म्हणाले. वहिनींनी दारातच पदर डोळ्यांना लावला. मलाही हुंदका आला, आणि खरं सांगते, मला वाटलं, सुटले. मग भाऊंनी माझ्याकडं बघितलं.

"तुमाला कवा कळलं, ताई?"

खोटं बोलता आलं असतं. काल म्हणता आलं असतं. "मंगळवारीच," मी म्हणाले. "सिस्टरांचा फोन यायच्या आधी."

वहिनींनी आणलेला चहा माझ्या पुढ्यात निवत होता.

"म्हंजी मी तीस मोजत व्हतो," भाऊ म्हणाले, "तवा तुमाला ठावं व्हतं."

"हो."

त्यांनी मान हलवली, उठले आणि आत जाऊन वहिनींना म्हणाले, "वाढ." मी तशीच बसून राहिले. आतून ताटाचा आवाज आला. मला कुणी 'थांबा' म्हणालं नाही, 'जा'ही म्हणालं नाही.

शनिवारी मी अहवाल दिला. भाऊ सोमवारी कामावर आले. मला लेखी ताकीद मिळाली, वर्षाची पगारवाढ गेली, आणि पोलीस वगैरे कुणी आलं नाही. प्लांट मी बाकीच्या नेटवर्कापासून तोडून वेगळा केला आणि पॅनलच्या बाहेर भाऊंसाठी एक साधा प्लग बसवून घेतला. तो प्लग तसाच आहे. भाऊ त्याला काही लावत नाहीत, मोबाईल घरीच ठेवून येतात.

माझ्याशी ते नीट बोलतात, नमस्कार करतात, चहा आणला तर घेतात. पण मध्ये एकदा प्लांट पुन्हा अडकला, तेव्हा मी धावत तळमजल्यावर गेले, तर भाऊंनी मेन स्विच आधीच बंद केलेला. माझ्याकडं पाठ करून ते भिंतीकडं बघत मोजत होते. मी दारात उभी राहून त्यांच्याबरोबर ओठात मोजायला लागले. माझी चाहूल लागली तशी ते थांबले, आणि मी परत जिन्यावर जाईपर्यंत त्यांनी पुढचा आकडा म्हटला नाही.